अनावश्यक कोणी ठरवायचं?

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तराने कंपायलरवर लिहावं म्हणजे जरा जास्तच झालं! पण भाच्याने एक प्रकार समजावून सांगितला आणि तो काही डोक्यातून जाईना.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. पण हा संपादकही आहे. निरुपयोगी वाटलेल्या ओळी गाळतो, क्रम बदलतो. त्यामुळे प्रोग्रॅम वेगाने चालतो. एरवी हे चांगलंच. पण संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या कर्नलमध्ये ही काटछाट कधी कधी अंगाशी येते.

२००९ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये असंच झालं. नेटवर्कच्या एका भागात स्मृतीतला एक पत्ता आधी वापरला होता आणि 'तो रिकामा तर नाही ना?' ही तपासणी त्यानंतर होती. कंपायलरने हिशेब केला, ज्या अर्थी पत्ता वापरला त्या अर्थी तो रिकामा नसणारच. मग तपासणी कशाला? टाकली गाळून! त्या फटीतून यंत्राचा पूर्ण ताबा घेता येतो, हे ब्रॅड स्पेंगलर यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं.

क्रम उलटा लावणाऱ्याचं चुकलंच होतं. सी भाषेच्या नियमाने कंपायलर मात्र निर्दोष! कर्नलवाल्यांनी क्रम सुधारला, शिवाय 'अशा तपासण्या गाळू नकोस' अशी कंपायलरला कायमची ताकीद दिली.

दुसरं उदाहरण गुप्त मजकुराचं. काम झाल्यावर पासवर्डसारखी माहिती स्मृतीतून पुसायची असते. पण 'ही जागा पुढे कोणी वाचतच नाही' म्हणून कंपायलर पुसण्याची ओळच गाळू शकतो. म्हणून २०१४ साली कर्नलमध्ये न गाळता येणारी, पुसण्याची वेगळी सोय आली.

काही जाणकार म्हणतात, नियमाप्रमाणे लिहा, मग ताकिदीची गरजच नाही. मला हे पटत नाही. निबंध तपासताना एखादं वाक्य जास्तीचं वाटलं, तर खोडण्याआधी मुलाला विचारता येतं, "हे का लिहिलंस रे?" कंपायलर बहुधा विचारत नाही. आणि चुकणारा माणूस तर प्रत्येक पिढीत असणारच. कंपायलरची काटछाट सगळी बंद करा, असं मी म्हणत नाही. पण जिथे पहारा आहे तिथे थोडा वेग गेला तरी चालेल, पहारेकरी हलवू नये.

असो. आपल्यातल्या संगणकवाल्यांनी यावर जरूर लिहावं. माझे कान उपटलेत तरी चालेल!