हुनर आहे, म्हणून शाळा सोडायची?

गेल्या वर्षी रविवारच्या अभ्यासवर्गातली मुलं घेऊन मी पाणचक्की पाहायला गेले. दूरच्या झऱ्याचं पाणी पंपाशिवाय, मातीच्या नळांतून शहरात येतं, भिंतीत वर चढतं आणि उंचावरून हौदात कोसळतं. हे कसं घडतं, ते सातवीतल्या एका मुलाने चित्र काढून सगळ्यांना समजावलं. त्याच पानावर त्याने 'पाणचक्की' हा शब्द तीनदा लिहिला होता, तिन्ही वेळा वेगळा आणि तिन्ही वेळा चुकीचा.

त्याचे अब्बू म्हणाले, "बाजी, पढाई इसके बस की नहीं. हाताला हुनर आहे, गॅरेजला लावतो."

हे कौतुक मला खटकलं. मोहल्ल्यातल्या किती मुलांना आपण असं 'हुनरमंद' म्हणत शाळेबाहेर काढलं? आवड जोपासणं वेगळं आणि वाचनाचा नाद सोडून देणं वेगळं. ज्या हुनराचं आपण कौतुक करतो, त्याच्या आयटीआयलाही बहुतेक ट्रेडना दहावी लागते.

अध्ययन अक्षमता म्हणजे मंदपणा नव्हे. बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती कलम 17 मध्ये आहेत. ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

आपल्याकडे गुंता आणखी मोठा आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू, मराठी, इंग्रजी. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून. मग 'भाषा कच्ची आहे' असं म्हणत खरी अडचण वर्षानुवर्षं झाकली जाते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या 'डाली' चाचण्या 2015 मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आल्या. उर्दू त्यांत नव्हती. उर्दू माध्यमातलं मूल म्हणूनच सहज नजरेतून सुटतं.

दोस्तांनो, तुमच्यापैकी अनेक जण धाकट्या भावंडांचा अभ्यास घेता. तोंडी हुशार पण कागदावर अडखळणारं मूल दिसलं, तर 'आळशी' म्हणू नका. धडा वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, चित्र काढू द्या. आणि घरच्यांना तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात घेऊन जा. प्रमाणपत्राशिवाय सवलत मिळत नाही.

त्या मुलाच्या अब्बूंनी मला एक वर्ष दिलं आहे. गॅरेज कुठे पळून जात नाही. शाळा मात्र एकदा सुटली, की सहसा परत मिळत नाही.