फोनचा भूकंप अलर्ट: सांगलीला वेळ मिळेल, पाटणचं काय?

कोयना-वारणा पट्ट्यात जमीन हलली की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, 'आज रात्री मोठा धक्का बसणार' असा फॉरवर्ड. तो सरळ डिलीट करा, कारण दिवस-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणं जगात अजून कुणालाच जमलेलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न: 'अलर्ट ऑन होता, मग फोन वाजला का नाही?' हा मात्र समजून घेण्यासारखा आहे.

अलर्ट येतो कसा?

गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातल्या अँड्रॉइड फोनसाठी ही सोय आणली. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्या सेन्सरमुळे, तोच इथे कामाला येतो. भूकंपाची पहिली, हलकी 'पी' लाट सेकंदाला साधारण ६ किमी धावते. जोरात हलवणारी 'एस' लाट साधारण साडेतीन किमी. एका जागी ठेवलेल्या बऱ्याच फोनना 'पी' लाट जाणवली की सर्व्हर ते ताडून बघतो आणि लांबच्या फोनना 'एस' लाटेआधी सावध करतो. म्हणजे अलर्ट निघतो तो भूकंप सुरू झाल्यावरच. तोही ४.५ किंवा जास्त तीव्रतेचा असेल तर. कोयनेतले बहुतेक धक्के याहून लहान असतात, त्यामुळे फोन गप्प राहिला तर तो बिघडलेला नाही.

आता गणित करू

समजा, मोठा धक्का कोयनानगरजवळ बसला. 'एस' लाट पाटणला पाचेक सेकंदांत पोचेल, सातारा-कराडला १२ ते १४, सांगली शहरात ३० च्या आसपास. यातून सेन्सर, सर्व्हर आणि नेटवर्कचे काही सेकंद वजा करा. सांगलीकराला टेबलाखाली शिरायला वेळ मिळेल. पाटणमध्ये अलर्ट आणि हादरा जवळपास एकदमच येतील. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, तरी सांगतो: कोड कितीही फास्ट केला तरी हे अंतर वाढत नाही. जिथे धोका जास्त, तिथेच वेळ कमी.

आधी काही कळू शकेल का?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कॅस्केडिया भागात एक प्लेट दुसरीखाली सरकते. तिथे साधारण दर १४ महिन्यांनी खोलवरची भेग काही आठवडे हळूहळू सरकत राहते. कुणाला जाणवत नाही, पण जीपीएसला दिसतं. याला 'स्लो स्लिप' म्हणतात. २०११ च्या जपानच्या महाभूकंपाआधीही असं सरकणं झालं होतं. पण प्रत्येक स्लो स्लिपनंतर मोठा भूकंप येतोच असं नाही, म्हणून त्यावरून तारीख सांगता येत नाही.

आपली गोष्ट वेगळी. कोयना प्लेटच्या कडेला नाही, आत आहे. १९६२ च्या सुमारास धरणात पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठलं, पुढे १९९३ पासून तिकडेही धक्के वाढले. पाण्याचं वजन आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब, दोन्ही आधीच ताणलेल्या खडकाला सरकायला निमित्त देतात. हेच तपासायला कराडच्या संशोधन केंद्राने गोठणे इथे ३ किमी खोल बोअर घेतलं. हा अभ्यास मोलाचा आहे, पण त्यातून उद्याचा अलर्ट मिळणार नाही.

मग करायचं काय?

सेटिंग्समध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'खाली 'अर्थक्वेक अलर्ट्स' ऑन ठेवा. सांगली, सातारा, कराडला त्याचा उपयोग आहे. पण पाटण किंवा शिराळ्याच्या पश्चिमेला घर बांधत असाल, तर इंजिनिअरला आधी विचारा की खिडक्या-दारांवरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घेतलाय का. गावच्या शाळेबद्दल हाच प्रश्न ग्रामसभेत विचारा. १९६७ मध्ये दगड-मातीच्या भिंती कोसळल्या होत्या, आणि त्या भागात पाच सेकंदांत भिंतच वाचवते, फोन नाही.