तीन चषक आणि एक बंद पडलेली संघटना

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा नावाचं, नन्सनी चालवलेलं मुलींचं एक छोटं कॉलेज होतं. त्याची व्यायामशाळा १९६७ साली जळाली, त्यामुळे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना सरावाला हक्काची जागा नव्हती. प्रशिक्षक कॅथी रश यांचा पगार वर्षाला ४५० डॉलर. १९७२ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी इलिनॉयला जायचं ठरलं, पण पैसे कुठे होते? मुलींनी टूथब्रश विकले. तरीही आठच जणींची सोय झाली, बाकीच्या मागे राहिल्या. सोळा संघांत यांचा क्रमांक पंधरावा. अंतिम सामना शेजारच्याच वेस्ट चेस्टरशी, आणि याच संघाने थोड्याच दिवसांपूर्वी यांना ३२ गुणांनी हरवलं होतं. इमॅक्युलाटा ५२-४८ ने जिंकली. पुढे १९७३ ला जिंकली, १९७४ लाही.

सामन्यांना नन्स बादल्या बडवत बसायच्या. (लाटणे मोर्चा पाहिलेल्या मैत्रिणींना त्या आवाजाचं वेगळं वर्णन नको.) २०११ मध्ये या संघावर सिनेमा आला, २०१४ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये संघाला जागा मिळाली. म्हणजे तिसऱ्या विजयानंतर चाळीस वर्षांनी! गोड गोष्ट म्हणून ही कहाणी आता सांगितली जाते. मला खटकतं ते दुसरंच.

ही स्पर्धा भरवली कुणी? एआयएडब्ल्यू या संघटनेने. कॉलेजच्या स्त्री-खेळाडूंसाठी स्त्रियांनीच उभारलेली, स्त्रियांनीच चालवलेली संघटना. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा जून १९७२ मध्ये झाला, तेव्हा पुरुषांचे खेळ चालवणाऱ्या बलाढ्य एनसीएएने खेळांना त्यातून सूट मिळावी म्हणून खटपट केली. कायदा काही टळत नाही असं दिसल्यावर तिला स्त्रियांच्या खेळाचा उमाळा आला. १९८२ पासून तिने स्त्रियांची स्वतःची स्पर्धा सुरू केली. तिच्याकडे पैसा होता, दूरदर्शनचे करार होते. कॉलेजं तिकडे वळली आणि एआयएडब्ल्यूला कुलूप लागलं. तिची बास्केटबॉलची शेवटची मोठी स्पर्धा १९८२ साली रटगर्सने जिंकली. रटगर्सच्या प्रशिक्षक होत्या टेरेसा ग्रेन्ट्झ, १९७२ च्या इमॅक्युलाटा संघातली खेळाडू.

पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, प्रेक्षक आले. हे मी नाकारत नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली? १९७२ मध्ये कॉलेजच्या स्त्री-संघांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पगार वाढले तसे पुरुष आले, आणि नंतरच्या दशकांत ते प्रमाण निम्म्याखाली गेलं. ४५० डॉलरच्या नोकरीसाठी कुणी रांग लावली नव्हती.

नोंदींचंही तेच झालं. एनसीएएच्या विजेत्यांची यादी १९८२ पासून, म्हणून इमॅक्युलाटाचे तीन चषक तिच्याबाहेर. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने केल्सी प्लमचा ३५२७ गुणांचा विक्रम मोडला. गाजावाजा झाला, व्हायलाच हवा होता. पण कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने १९८१ मध्येच ३६४९ गुण पुरे केले होते! ते दुसऱ्या संघटनेच्या काळातले म्हणून एनसीएएच्या तेव्हाच्या विक्रमात धरलेच नव्हते.

‘आता मुख्य प्रवाहात या’ असं निमंत्रण आपल्या गटांनाही येतं. कुणी निधी देऊ करतं, कुणी जागा. घ्यावं की नाही यावर आपण तासन् तास वाद घालतो. त्या वादात मी एक अट घालीन: विलीन व्हायचंच असेल तर आधीची सगळी वर्षं, ठराव, नावं नव्या संस्थेच्या दप्तरात पहिल्या पानापासून चढली पाहिजेत, आणि तसं करारात लिहून घेतलं पाहिजे. क्लार्कने वुडर्डला मागे टाकलं ते २८ फेब्रुवारीला. मोठा सोहळा त्याच्या दोन आठवडे आधीच उरकला होता.