पाहुण्यांचा ट्रेलर आणि आपलं खळं

गेल्या माघी गणेशोत्सवानंतरची गोष्ट. पालीत बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन निघालेलं एक मुंबईकर कुटुंब संध्याकाळी आमच्या खळ्यापाशी थांबलं. सात माणसांची व्हॅन आणि मागे जोडलेला दोन चाकांचा छोटा ट्रेलर. उघडला की त्याचा तंबू होतो, आत चौघांना झोपायची जागा. घरधनी उतरून म्हणाले, "काका, रात्रभर गाडी इथं लावली तर चालेल का?" म्हटलं, लावा की! झोडणी कधीच आटोपली होती, खळं रिकामंच होतं.

चहा पिता पिता त्यांनी तक्रार सांगितली. वाकण फाटा सोडल्यापासून ट्रेलर सारखा शेपूट हलवत होता, बायकापोरं घाबरली होती. मी मागे जाऊन पाहिलं तर पाण्याचे दोन मोठे कॅन, गॅसची टाकी, शेगडी, सगळं चाकांच्या मागे रचलेलं. म्हटलं, "अहो, तुमची गाडी उलाळ झालीय!"

ज्यानं बैलगाडी हाकली त्याला हे शिकवावं लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळते, फार पुढे आला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचंही तेच. जड सामान आसाच्या किंचित पुढे हवं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर यावा. मागे भार झाला तर वेगात ट्रेलर झोके घेऊ लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नये, स्टिअरिंग झटकू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून वेग आपसूक उतरू द्यावा. आम्ही सामान हलवलं. दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला, ट्रेलर एकदाही हलला नाही.

आता मुद्द्याचं. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घरच्या गाडीमागे ट्रेलर लावून फिरणारी माणसं आज थोडी आहेत, उद्या वाढतील. आपल्याकडे बल्लाळेश्वर आहे, सरसगड आहे, उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. पाहुण्याला दर्शन झाल्यावर जायची घाई असते, कारण रात्री थांबायचं कुठं? आणि आपलं खळं दिवाळीनंतर महिन्या-दीड महिन्यात मोकळं होतं ते पावसापर्यंत मोकळंच असतं. यासाठी नवं बांधकाम नको. सपाट कडक जमीन, पाणी, दिवा, संडास आणि ट्रेलर वळेल एवढं रुंद फाटक, बस. थंडीत जोडीला वालाच्या शेंगांची पोपटी लावली तर पाहुणा पुढच्या वर्षी चार घरं घेऊन येईल. दोन पैसे घरात येतील आणि जमीनही विकावी लागणार नाही.

मात्र शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. पावसाळ्यात भातखाचरात चाक रुतणार, नदीकाठी तर गाडी लावूच देऊ नये. अंबेच्या पुलावरून पाणी गेलं की वाकण रस्ता कसा बंद पडतो ते आपण पाहिलंय. पाहुण्यांची घाण ओढ्यात न जाता खड्ड्यातच गेली पाहिजे. ग्रामपंचायतींनी आणि पालीच्या नगरपंचायतीनं याचे साधे नियम आत्ताच ठरवावेत. गर्दी झाल्यावर नियम केले तर त्याची भांडणं होतात.

पाहुण्यांनीही समजून यावं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रेलरचीही नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. कंपनीच्या पुस्तकात ओढायचं वजन दिलेलं नसेल तर त्या गाडीनं ट्रेलर ओढूच नये. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, तो उगाच नाही. घाट उतरताना मागचं वजन गाडीला ढकलत असतं. तिथं खालचा गिअरच तारतो.

आता थोडं कटू बोलतो. त्या ट्रेलरला मागे दोन लाल दिवे होते, पिनेच्या जोडीला साखळी होती. माझ्या स्वतःच्या ट्रॉलीला त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. अंधारात पेंढा भरून बिनदिव्याची ट्रॉली आपण रस्त्यावर काढतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तो पोरगा बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो. लाल रिफ्लेक्टर आणि साखळी यांना एका गोणी खताएवढाही खर्च येत नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही बसवून घेतलं.

पाहुण्याला उलाळ समजावून सांगणारे आपण, आधी आपल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा बघू या.