दोष बॅटरीत की वाटेत?

तीर्थयात्रेला निघणाऱ्या जैन कुटुंबाला घराबरोबर स्वयंपाकघरही सोबत न्यावे लागते. गाळून उकळलेले पाणी, घरच्या हातचे अन्न आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन या गोष्टी वाटेवरच्या उपाहारगृहात सांभाळल्या जातीलच असे नाही. त्यामुळे जुनी डिझेल मिनीबस घेऊन, मागची आसने काढून, तेथे दोन शय्या, एक लहान ओटा आणि पाण्याची टाकी बसविण्याचा विचार एखाद्या मोठ्या घरात होतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. फिरते घर ही आता केवळ परदेशातील हौस राहिलेली नाही.

समजा, यवतमाळच्या अशाच एका कुटुंबाला पौषातील पहाटे अमरावती, परतवाडा मार्गे मुक्तागिरीला जायचे आहे. घरातील आजींचा नियम असा की, मुक्तागिरीचे दर्शन झाल्यावाचून अन्न घ्यायचे नाही आणि सूर्यास्तानंतरही घ्यायचे नाही. दिवस दोन्ही टोकांनी आवळलेला असतो. अशा वेळी चावी फिरवावी आणि इंजिनाने दमेकरी माणसासारखे ‘घर्र... घर्र...’ करीत दोन अडखळते वेढे घेऊन थांबावे, ही केवळ यंत्राची गैरसोय राहत नाही. दोन तास गेले, तर एका वृद्धेला दिवसभर उपाशी राहावे लागते.

अशा प्रसंगी सर्वांचे बोट प्रथम बॅटरीकडे जाते. नवी बॅटरी येते, आठ दिवस बरे जातात आणि थंडीची पुढची लाट आली की तेच रडगाणे सुरू होते. याचे कारण असे की, पुष्कळदा दोष शक्तीच्या साठ्यात नसून ती शक्ती वाहून नेणाऱ्या वाटेत, म्हणजे केबलमध्ये असतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा अत्यंत दाबून ती इतकी तापवायची की, फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, हे रुडॉल्फ डिझेल यांचे तत्त्व. पण इंजिन मंद फिरले, तर दाबलेली हवा फटींतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि इंधन पेटतच नाही. म्हणून डिझेल गाडीला सुरू होताना जोरकस फिरकी हवी. थंडीत इंजिनातील तेल दाट झालेले असते आणि बॅटरीही मंदावलेली असते. त्यातच विदर्भातील उन्हाळ्याची धग बॅटरीचे आयुष्य आधीच झिजविते. उन्हाळ्यात झालेली झीज हिवाळ्यातील पहाटे उघडी पडते.

ही फिरकी देण्यासाठी स्टार्टर क्षणभर कित्येक शे ॲम्पियर प्रवाह ओढतो. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो : प्रवाह गुणिले रोध म्हणजे वाटेत हरवलेला दाब. फिरत्या घरात शय्येखाली जागा मिळते म्हणून बॅटरी मागे हलविली जाते आणि मूळची आखूड केबल लांबविली जाते. जाण्याची ४ मीटर आणि परतीची ४ मीटर अशी ८ मीटरची वाट आणि सुमारे ४०० ॲम्पियर प्रवाह धरला, तर २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जवळजवळ २.५ व्होल्ट वाटेतच जिरतात. १२ व्होल्टच्या गाडीत ही हानी फार मोठी. तीच केबल ७० चौरस मिलिमीटरची असेल, तर हानी ०.९ व्होल्टच्या आसपास येते. हिशेब ढोबळ आहे. पण त्याच बॅटरीत इंजिन का उसळून फिरू लागते, हे त्यातून कळते.

सांधेही तितकेच महत्त्वाचे. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर किंवा सैल बोल्ट यांचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाइतका असला, तरी ४०० ॲम्पियरला तेथे ०.४ व्होल्ट जातात आणि १६० वॅट उष्णता निर्माण होते. इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा रंगावर आवळलेली असेल, तरी परिणाम तोच.

म्हणून खर्चापूर्वी तपासणी करावी. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्म्याच्या आसपास. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि डिझेलचा पुरवठा थांबविलेला, अशा स्थितीत जाणत्या मिस्त्रीकडून सेल्फ मारून घ्यावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर ठेवावी. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला, तर त्या वाटेत दोष आहे. ऋण खांब आणि इंजिनाचा धातू यांमध्ये तो ०.३ च्या आत हवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन्ही आकडे ठीक असून आणि बॅटरी सशक्त असूनही इंजिन मंद फिरत असेल, तर स्टार्टरचे ब्रश किंवा बुश पाहावेत. तेथे नवी केबल काही करणार नाही.

केबल बदलताना काही पथ्ये पाळावीत. ती शुद्ध तांब्याची, बारीक तारांची आणि लवचीक असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते. पण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते. कथील चढविलेले तांब्याचे थिंबल हायड्रॉलिक यंत्राने दाबून घ्यावेत. हातोडीने ठोकलेला सांधा वर्षभरात सैल होतो. धन केबल जाड करून परतीची वाट जुनीच ठेवणे म्हणजे अर्धेच काम. परतीची केबलही तितकीच जाड असावी आणि थेट इंजिनापर्यंत न्यावी. पत्र्यातून केबल जाते तेथे रबरी वलय बसवावे, नाहीतर घासून आग लागण्याचा धोका असतो. खोलताना ऋण टर्मिनल आधी आणि जोडताना ते शेवटी. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ ज्योत नसावी आणि शय्येखालच्या पेटीला हवा बाहेर जाण्याची वाट असावी. पंखे, दिवे व शीतपेटी यांसाठी स्वतंत्र बॅटरी ठेवणे उत्तम.

जुन्या टर्मिनलवरील थर कोमट पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने धुता येतो. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून सांधा घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

तपासणीवाचून टाकून दिलेली प्रत्येक चांगली बॅटरी म्हणजे शिसे व आम्ल यांचा अकारण वाढविलेला कचरा. खरोखरच निकामी झालेली बॅटरीही उघड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचा रोखही तोच आहे. यात्रेच्या आदल्या आठवड्यात, एखाद्या थंड पहाटे इंजिन निवलेले असतानाच ही तपासणी उरकावी. गाडी दिवसभर फिरून तापली की मंद सेल्फही बरा वाटतो आणि दोष निघण्याच्या दिवसापर्यंत लपून राहतो.