नेत्रशिबिरात न आलेली आजी

गेल्या वर्षी पौषात आमच्या तालुक्याच्या गावी मोफत मोतिबिंदू तपासणी शिबिर झालं. शहरातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचे पाच-सहा डॉक्टर आपला रविवार सोडून आले होते. मंडप, हारतुरे, भाषणं सगळं यथासांग झालं. गावोगाव निरोप पोचवायचं काम आमच्या गटाकडे होतं. संध्याकाळी मी यादी चाळत बसले, तेव्हा एक गोष्ट टोचत राहिली. एका वस्तीवरून मी स्वतः नऊ म्हाताऱ्या बायकांची नावं लिहून आणली होती. त्यांतल्या दोघीच आल्या होत्या. त्याच वस्तीवरचे नावं दिलेले पुरुष मात्र सगळे हजर होते.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. न आलेल्या सातजणींपैकी एक आजी चुलीपुढं बसली होती. अंगणात तीन नातवंडं. आजीचा एक डोळा पांढरा पडलेला, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. चुलीतला जाळ ती हाताला धग लागते त्यावरून ओळखते. मनगटावर भाजल्याचे जुने-नवे डाग होते.

"आजी, काल का नाही आलात?"

"कशी येऊ बाई? लेक-सून कारखान्याला गेलेत तोडीला. लेकरं कुणाच्या भरवशावर टाकू? अन् मला काय आता सुई ओवायची हाय? चूल दिसती, लेकरं दिसत्यात. बास झालं."

"सून आल्यावर जाल?"

"सून आली की मग पेरणी की!" असं म्हणून आजी हसली. मला हसू आलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे मोतिबिंदूची शिबिरं बहुतेक हिवाळ्यातच का भरतात? थंडीत जखम लवकर भरते, हा जुना समज. आजच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला बारीकसा छेद देऊन आत कृत्रिम भिंग बसवतात. माणूस बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो, आणि ऋतूचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. तरी शिबिरांचं वेळापत्रक जुनंच राहिलं. आणि आमच्या मराठवाड्यात हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात ती पाडव्याच्या सुमारास भरतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. म्हातारा शिबिराला जाऊ शकतो, कारण घरी म्हातारी असते. म्हातारी जाऊ शकत नाही, कारण तिच्या मागं कुणीच नसतं. वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ठरवताना ही आजी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

आणि ही काही आमच्या एका वस्तीची गोष्ट नाही. २०२० साली जगात सुमारे ४ कोटी ३० लाख माणसं अंध होती, त्यांतल्या शंभरात पंचावन्न बायका होत्या. बायका जास्त जगतात म्हणून असं होतं, हे उत्तर ठरलेलं आहे. ते खरंही आहे, पण अर्धंच. देशोदेशीच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत बाई पुरुषापेक्षा कमी पोचते. खुपऱ्यांसारखा रोग बायकांना जास्त होत आला, तो लेकरांना सांभाळताना त्यांच्याकडून लागतो म्हणून. खुपऱ्यांचा सार्वजनिक प्रश्न भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली मान्य केलं, ही आनंदाची गोष्ट. मोतिबिंदू मात्र आहेच. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यानुसार पन्नाशीपुढच्या माणसांमधल्या अंधत्वाचं दोन-तृतीयांश कारण मोतिबिंदू हेच होतं. म्हणजे ज्याच्यावर इलाज आहे, असं अंधत्व.

म्हणून मला या लेखात डॉक्टरांच्या सेवेबद्दल लिहायचं आहे. टीका करायची म्हणून नाही. जे रविवार देतात, त्यांच्याशीच बोलता येतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटना आपल्याकडे जुन्या आहेत. अखिल भारतीय संघटना १९३० साली स्थापन झाली. राज्याची वेगळी आहे, शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या आहेत. या संघटनांची कामं डॉक्टर मंडळी आपला दवाखाना सांभाळून, विनामोबदला करतात. संघटनेत 'सेवा' म्हटलं की पहिलं नाव शिबिराचं निघतं. पण तेवढंच नसतं. परिषदेत काय शिकवायचं, हे ठरवणाऱ्या समित्या असतात. तरुण डॉक्टरांना हाताखाली घेऊन शिकवणं असतं. सरकारशी बोलणं असतं, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं लिहिणं असतं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनं १९८५ पासून एक कार्यक्रम चालवला आहे. त्यात हजारो सभासद डॉक्टरांनी आपलं नाव नोंदवलेलं असतं आणि गरजू वृद्ध माणूस त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातच तपासून घेतो. तिथं मंडप लागत नाही आणि एक दिवस चुकला म्हणून वर्ष चुकत नाही. तिथली व्यवस्था वेगळी, तिचे दोष वेगळे, ते मला ठाऊक आहेत. पण सेवा अशीही वर्षभर वाटून घेता येते, एवढं त्यातून कळतं.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हांला दया आणि हक्क यांतला फरक शिकवला होता. तो मला खरा कळला खुर्ज्याच्या प्रकरणावरून. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथं १९८६ साली एका सेवाभावी संस्थेच्या शिबिरात मोतिबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि जंतुसंसर्गानं ८४ जणांचा शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८९ च्या निकालानं बजावलं की शिबिर धर्मादाय असलं तरी निगा आणि स्वच्छता यांत कसूर चालणार नाही. फुकट मिळतं म्हणून गरिबानं कमी प्रतीचं घ्यावं, असं नाही. पुढं शाळांच्या खोल्यांत शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मागं पडली. आता गावात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. पण त्यामुळं बाईला गाव सोडून जाणं आलं, सोबत माणूस आलं, रात्र बाहेर काढणं आलं. एक अडचण दूर झाली तेव्हा दुसरी बाईच्या वाट्याला आली, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मग डॉक्टरांच्या संघटनेनं काय करावं? आम्ही चारपाचजणी बसून एक निवेदन लिहिलं आणि शिबिराला आलेल्या संघटनेच्या मासिक सभेत घेऊन गेलो. सभा रात्री साडेआठला, हॉटेलात, जेवणासह. आमची शेवटची एसटी चुकली, म्हणून एका मैत्रिणीकडे मुक्काम करावा लागला. त्या निवेदनातले मुद्दे इथं देते.

पहिला मुद्दा वेळापत्रकाचा. तारखा ठरवण्याआधी आशाताईला आणि बचतगटाला विचारा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात सून घरी असते, तेव्हा आजी मोकळी असते. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर थेंब घालायचे, धूर टाळायचा, हे सांगताना घरी चूल कोण पेटवणार हेही विचारा.

दुसरा, हिशेबाचा. शिबिराच्या अहवालात 'एकूण रुग्ण' एवढाच आकडा असतो. बायका किती, पुरुष किती, हे वेगळं लिहा. नाव लिहून न आलेल्या किती, तेही लिहा. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया किती बायकांची झाली, हे पाहा. एका डोळ्यानं भागतंय ना, मग बाईचा दुसरा डोळा राहूनच जातो.

तिसरा, चाळिशीचा. मोतिबिंदूच्या गर्दीत जवळच्या चष्म्याला कुणी विचारत नाही. बिड्या वळणारी, शिवणकाम करणारी, धान्य निवडणारी बाई चाळिशीनंतर चाचपडत काम करते. आसामातल्या चहाच्या मळ्यात चाळीस वर्षांपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानं खुडण्याची क्षमता न दिलेल्यांच्या तुलनेत वीस टक्क्यांहून अधिक वाढली. तोडणीवर पैसे मिळणाऱ्या बाईला हा फरक काय असतो, ते डॉक्टरांना नाही तर निदान आपल्याला तरी ठाऊक आहे.

चौथा मुद्दा मांडताना सभेत शांतता झाली. डोळा काळानिळा झालेली बाई तुमच्याकडे येते, तेव्हा तुम्ही काय लिहिता? "पडले", "दाराला लागलं", "लाकूड फोडताना ढलपी उडाली" असं ती सांगते, आणि तेच कागदावर उतरतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. एकटीला बाजूला घेऊन विचारायला दोन मिनिटं लागतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानुसार अशा बाईनं मागितल्यावर वैद्यकीय मदत देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. ॲसिड हल्ल्यातल्या बाईवर खासगी रुग्णालयानंही ताबडतोब आणि मोफत उपचार करावेत, अशी तरतूद २०१३ पासून कायद्यात आहे. मुंबईत महापालिकेच्या वांद्र्याच्या रुग्णालयात २०००-०१ च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू झालं, तेव्हा रुग्णालयातल्या माणसांनाच बाईला कसं विचारायचं, हे शिकवलं गेलं. नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत नव्या यंत्रांवर इतकी व्याख्यानं होतात, त्यांत एक तास याला देता येणार नाही का? तो तास ठरवून घेणं हीसुद्धा संघटनेतली सेवाच आहे.

एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, "ताई, आम्ही डोळे तपासायचे की घरं तपासायची?" त्यांच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, घरं आम्ही पाहतो. तुम्ही फक्त तिला खरं बोलायला जागा द्या आणि आमचा फोन नंबर द्या."

पाचवा मुद्दा आमच्या निवेदनात नव्हता, तो तिथं बसल्यावर सुचला. सभेला तीसेक डॉक्टर होते, बायका तीन. शहरात डोळ्यांच्या डॉक्टरणी यापेक्षा खूप जास्त आहेत. बाकीच्या कुठं होत्या? जेवणाच्या वेळी त्यांतली एक मला म्हणाली, "साडेआठला मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधं. मी आज आले कारण नवरा घरी आहे." समित्यांवर बायका का नाहीत, याचं उत्तर वेळ नाही असं दिलं जातं. पण एकाला संघटनेसाठी वेळ मिळतो, कारण त्याच्या घरचा वेळ दुसरी कुणी तरी भरून काढते. वस्तीवरची आजी आणि ही डॉक्टर यांच्यात अंतर मोठं आहे, ते मी नाकारत नाही. एकीचे डोळे जातात, दुसरीचं फार तर पद जातं. तरी दोघींना अडवणारं काम एकच आहे.

आणि स्वयंसेवेचाच विषय निघाला आहे तर हेही बोलू. गावातून रुग्ण गोळा करून आणते ती आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून तिला 'स्वयंसेविका' म्हटलं गेलं. का? तर पगार द्यावा लागू नये, मानधनावर भागावं. डॉक्टर स्वयंसेवक होतो ते आपल्या मर्जीनं, पोट भरल्यावर. ती स्वयंसेविका आहे ती सरकारच्या मर्जीनं. शिबिराच्या दिवशी एकाला शाल आणि दुसरीला चहासुद्धा वेळेवर नाही, हे मी पाहिलं आहे. सेवेची किंमत करायची तर दोघांचीही करा.

निवेदनाचं पुढं काय झालं? संघटनेनं ठराव वगैरे काही केला नाही. 'विचार करू' म्हणाले. पण त्या सभेतले दोन डॉक्टर, ती डॉक्टर आणि तिचा एक तरुण सहकारी, वैशाखात आमच्या वस्तीवर आले. मंडप नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात तपासणी झाली. राहिलेल्या सातजणींपैकी पाचजणींची शस्त्रक्रिया शहरात झाली. लेकरं सांभाळायला आणि थेंब घालायला आमच्या गटातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. एकीनं नकार दिला. एक त्याआधीच वारली.

आजीचा एक डोळा झाला. पट्टी काढल्यावर तिनं आधी धाकट्या नातवाचं तोंड जवळ ओढून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्या कपाळाला ही खोक कधी पडली? मला कुनी सांगितलं नाही." दुसरा डोळा राहिला आहे. आता पुन्हा कारखाना सुरू होईल, आणि आजी पुन्हा तीन लेकरांना घेऊन चुलीपुढं बसेल. त्याआधी तारीख मिळवायची आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या जिल्ह्यातही डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना असेल. शिबिराच्या फलकावर तिचं नाव वाचून आपण पुढं जातो. एकदा तिच्या सभेला जा. मागच्या शिबिरात बायका किती आल्या, एवढाच प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर तिथूनच बोलणं सुरू करता येईल. आणि जे काही घडेल, चांगलं किंवा वाईट, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.