फुकट किती, विकत किती?
अंजनवेलच्या मुलाला गॅस टर्बाइन कशी चालते हे शिकायचं असेल, तर गावाशेजारचा वीजप्रकल्प त्याला कुंपणाबाहेरूनच बघावा लागतो. आयआयटीच्या प्राध्यापकांची त्यावरची व्याख्यानं मात्र मोबाइलवर फुकट मिळतात. ती देणाऱ्या सरकारी ऑनलाइन मंचांची, म्हणजे २००३ साली सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’ची आणि २०१७च्या ‘स्वयम्’ची, रीत सरळ आहे: ऐकणं आणि घरचा अभ्यास सोडवणं मोफत, केंद्रावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल, तर शुल्क. मला हा हिशेब पटतो. व्याख्यान एकदा चित्रित झालं की दहा जणांनी पाहिलं काय नि दहा हजारांनी पाहिलं काय, खर्च फारसा वाढत नाही. परीक्षेला खोली, पर्यवेक्षक, तपासनीस लागतात. उणीव एवढीच, की मूळ व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि आयटीआयचा मुलगा पहिल्या दहा मिनिटांतच गळतो. या फटीत खासगी शिकवणीची अ‍ॅपं शिरतात. पहिले दोन-चार धडे मोफत, आणि गाडं अडतं नेमकं तिथेच कुलूप. मग पालकांना फोनवर फोन. पैसे घेऊच नयेत असं नाही, मास्तरांनाही पोट असतं. पण बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत असताना तोच धडा रंगीत चित्रांसह विकणं म्हणजे नुसती दुकानदारी. तेव्हा पालकांनो, वर्षाची फी भरण्याआधी एकच विचारा: आमच्या मुलाची वही कोण तपासणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर पैसे भरू नका.